हातांतला फोन आणि गांवची बैठक

शेतीचें कोणतेंहि अवजार घरांत आलें म्हणजे शेतकरी प्रथम त्याची जागा ठरवितो. पाभर माळ्यावर, कुळव गोठ्याच्या वळचणीस, विळा भिंतीच्या खुंटीस. आणि काम संपलें कीं अवजार आपापल्या जागीं जातें. बैलालासुद्धां दावण असते. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या घराघरांत शिरलेल्या एका साधनास आपण अद्यापि जागा नेमून दिलेली नाहीं. तें साधन म्हणजे हातांतला फोन. तो बांधावर आहे, गोठ्यांत आहे, जेवतांना ताटाशेजारीं आहे आणि रात्रीं उशाखालीं आहे. त्याची निंदा करण्याकरितां हा लेख लिहिलेला नाहीं. कारण त्यावांचून आज शेतकऱ्याचें चालणार नाहीं हें उघड आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हें साधन एकेकट्याच्या हातीं राहिलें म्हणजे तें धनी होऊन बसतें, आणि चारचौघांनीं मिळून त्याला नियम घातला म्हणजे तें चाकर होऊन राबतें. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं या गोष्टीचा विचार करावा, यासाठीं कांहीं जुनीं व कांहीं अलीकडचीं उदाहरणें पुढें मांडलीं आहेत.

फोनचें खरें काम

भीमेच्या अलीकडे-पलीकडे वसलेले हे दोन तालुके शेजारी असले तरी त्यांची शेती एकसारखी नाहीं. पाबळ-केंदूरकडील शिवार कोरडवाहू. पावसाकडे डोळे लावून बसणारें. दौंडकडील नदीकांठ व कालव्याखालचा भाग उसाचा आणि गुऱ्हाळांचा. फोनचा उपयोग मात्र दोन्हींकडे सारखाच झाला आहे. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळूं लागला. ई-पीक पाहणीची योजना १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, आणि आपल्या पिकाची नोंद आपणच शेतांत उभें राहून छायाचित्रासह करण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या हातीं आला. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, दुधाचे पैसे, खतांची चौकशी हीं सर्व कामें या एका साधनानें होतात.

याहूनहि मोठा उपयोग म्हणजे विहिरीवरील पंपाचा. शेतीची वीज पाळीनें, कित्येकदां रात्रीं येते. आणि घोड व भीमा या नद्यांच्या कांठच्या उसांत बिबट्याचा वावर असल्यानें अंधारांत एकट्यानें मोटारीपर्यंत जाणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे. सिमकार्डाचा स्टार्टर बसविला म्हणजे घरांतून पंप चालू-बंद करतां येतो. ज्या साधनानें माणसाचा रात्रीचा असा एक धोका टळतो, त्यास नांवें ठेवणें हा कृतघ्नपणा होय.

परंतु या सर्व कामांचा हिशेब मांडून पाहावा. सातबारा रोज काढावयाचा नसतो. पीक पाहणी हंगामांतून एकदां. बाजारभाव व हवामान पाहण्यास थोडकाच वेळ पुरतो. पंप चालू करण्यास क्षणभर. हीं सारीं कामें मिळून दिवसाचा एखादा तासहि भरत नाहीं. मग उरलेला वेळ कोठें जातो ? तो चित्रें सरकविण्यांत जातो. वर्तमानपत्राला शेवटचें पान असतें, कीर्तनाला आरती असते, तमाशालाहि पहांट होते. फोनवरील चलच्चित्रांना मात्र शेवट नाहीं, आणि तो चुकून राहिलेला नसून मुद्दामच ठेवलेला नाहीं. पाहणारा जितका अधिक वेळ पाहील तितक्या अधिक जाहिराती त्याच्या डोळ्यांपुढून जातात, आणि त्या जाहिरातींवरच हा धंदा चालतो. म्हणजे आपण ज्यास फुकटची करमणूक समजतों, तिचें मोल आपण आपल्या वेळेनें चुकवीत असतों. शेतकऱ्याची वेळ म्हणजे त्याचें भांडवल. पाण्याची गळती दिसते म्हणून आपण पाटाला माती लावतों. वेळेची गळती दिसत नाहीं म्हणून ती तशीच चालूं राहते.

एकट्याचा अंगठा

याहून गंभीर गोष्ट पैशाची आहे, आणि तिच्यासंबंधीं आपल्या मुलखाला जुना अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकांत दस्तऐवज, मुद्रांकाचा कागद आणि दिवाणी न्यायालय हीं साधनें खेड्यांतील शेतकऱ्याला नवीं होतीं. अमेरिकेंतील युद्धामुळें वाढलेले कापसाचे भाव युद्ध संपतांच उतरले, नव्या पाहणीनें सारा वाढला, आणि कर्जांत सांपडलेला शेतकरी न वाचलेल्या खतावर अंगठा उठवूं लागला. कागदांत काय लिहिलें आहे हें सावकारास ठाऊक असे. अंगठा उठविणारास तें जप्ती आल्यावर कळे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवच्या लोकांनीं एकत्र येऊन सावकारावर बहिष्कार घातला. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें उठाव झाला आणि तो भीमथडी, शिरूर वगैरे तालुक्यांत पसरला. आजच्या दौंड तालुक्याचा मुलूख तेव्हां भीमथडींत मोडत असे. उठाव करणाऱ्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खतें व रोखे हातीं आले कीं ते जाळून टाकीत. जाळपोळीचें समर्थन कोणी करणार नाहीं. परंतु त्या घटनेनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्यांत खतें ग्रामनिबंधकापुढें करून देण्याची तजवीज करण्यांत आली. त्यांतील तत्त्व असें कीं, शेतकऱ्यानें एकट्यानें अंगठा उठवूं नये. तिसऱ्या जबाबदार माणसासमक्ष, मजकूर समजून घेऊन, मग उठवावा.

आजचा अंगठा कागदावर नव्हे, काचेवर उठतो. फोनवर कर्ज देणारे ॲप कांहीं मिनिटांत पैसे देतात आणि त्यापूर्वीं लांबलचक अटींना 'मान्य' म्हणावयास लावतात. त्या अटी साक्षर माणूसहि वाचीत नाहीं. मग व्याज व शुल्क वाढत जातें, आणि फोनमधील नातेवाइकांचे क्रमांक घेऊन वसुलीची धमकी सुरू होते. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०२२ मध्यें या व्यवहारास नियम घातले. कर्जाची रक्कम कर्जदाराच्याच खात्यांत गेली पाहिजे, सर्व खर्च धरून व्याजाचा दर एका तक्त्यांत आधीं दाखविला पाहिजे, आणि घेतलेलें कर्ज ठराविक मुदतींत परत करून मोकळें होण्याची सवलत दिली पाहिजे, असे ते नियम आहेत. परंतु ज्यानें तो तक्ता वाचलाच नाहीं, त्यास नियमाचा उपयोग काय ? त्याचप्रमाणें 'बँकेतून बोलतों' असें सांगून फोनवर आलेला गुप्त आंकडा विचारणारे लोक बहुधा एकट्या, घाईंत असलेल्या किंवा वृद्ध माणसासच गांठतात. शेजारीं कोणी बसलेलें असतें तर त्यांचें काम अर्ध्यावर फसतें. १८७५ च्या अनुभवाचा अर्थ आजहि तोच आहे : नव्या साधनापुढें एकटा उभा राहणारा शेतकरी हरतो.

रेडिओचा प्रयोग

नवें साधन गांवानें मिळून वापरलें तर काय होतें, याचें एक चांगलें उदाहरण आपल्याच भागांत घडलेलें आहे. १९५६ सालीं, फेब्रुवारी ते एप्रिल या काळांत, पुणें आकाशवाणी केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांचा प्रयोग केला. पुणें जिल्ह्यासह मराठी मुलखांतील पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० खेडीं त्यासाठीं निवडलीं होतीं. ही कल्पना कानडा देशांतून आली. तेथें १९४१ पासून शेतकरी शेजाऱ्याच्या घरीं जमून रेडिओवरील भाषण ऐकत, मग त्यावर चर्चा करीत, आणि ठरलेलें अमलांत आणीत.

आपल्याकडील योजना साधीच होती. प्रत्येक गांवीं बारा ते वीस सभासदांचें मंडळ. त्यांस एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यांतून दोन वेळां सायंकाळीं अर्ध्या तासाचा कार्यक्रम. एकंदर वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे आणि गांवकारभाराचे. कार्यक्रम संपला कीं रेडिओ बंद करावयाचा आणि ऐकलेल्या गोष्टीवर बोलावयाचें : ही गोष्ट आपल्या गांवीं होईल कां, कोणी करावी, अडचण कोणती. निमंत्रकानें चर्चेचा वृत्तांत लिहून केंद्राकडे धाडावयाचा आणि शंकांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांतून मिळावयाचीं.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें केली, आणि तीच आपल्या कामाची आहे. तपासणाऱ्यांनीं तीन तऱ्हेचीं गांवें घेतलीं : जेथें रेडिओ होता व मंडळहि होतें अशीं, जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें अशीं, आणि जेथें दोन्ही नव्हतीं अशीं. प्रयोगापूर्वीं व प्रयोगानंतर लोकांस तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गांवीं लोकांचें ज्ञान पुष्कळच वाढलेलें आढळलें. नुसता रेडिओ असलेल्या गांवीं वाढ थोडकी होती, आणि जेथें कांहींच नव्हतें तेथें नांवापुरतीच. यंत्र तेंच, आवाज तोच, भाषण तेंच. फरक पडला तो त्याभोंवतीं बसणाऱ्या मंडळीमुळें आणि यंत्र बंद केल्यानंतरच्या बोलण्यामुळें. पुढें १९५९ पासून ही योजना देशांत इतरत्रहि नेण्यांत आली.

आज प्रत्येकाच्या खिशांत त्या रेडिओहून कितीतरी पटींनीं समर्थ यंत्र आहे. परंतु प्रत्येकजण तें एकट्यानें पाहतो, आणि पाहून झाल्यावर बोलत नाहीं, तर दुसरें चित्र पाहतो. फवारणीचें एखादें औषध कोणी फोनवर सुचविलें, तें आपल्या जमिनीस व आपल्या पिकास लागू आहे कां, हें विचारावयास पूर्वीं पारावर दहा माणसें होतीं. आज तेवढ्याच औषधाची शिफारस दहा ठिकाणांहून येते. तपासणारा मात्र एकहि नाहीं.

मोहित्यांचे वडगांव येथील भोंगा

सांगली जिल्ह्यांत कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचे वडगांव हें सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. करोनाच्या साथींत शाळा फोनवर भरल्या, आणि शाळा पुन्हां उघडल्यावरहि मुलांच्या हातचा फोन सुटेना. अभ्यास मागें पडला, आणि घरचीं वडील माणसेंहि दूरदर्शनच्या मालिकांत गुंतलेलीं. २०२२ च्या ऑगस्टमध्यें स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानें गांवानें ठरविलें कीं, रोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत सर्व घरांतील फोन व दूरदर्शन बंद राहावे. मुलांनीं अभ्यास करावा. मोठ्यांनीं वाचावें, बोलावें.

या हकीकतींत तीन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, आरंभीं पुरुषमंडळींनीं ही कल्पना हंसण्यावारी नेली. तेव्हां बायकांची सभा घेण्यांत आली. आपणहि मालिका फार पाहतों हें त्यांनीं मोकळेपणानें कबूल केलें आणि सर्व गांवानेंच हा वेळ पाळावा असा आग्रह धरला. ज्या नियमास घरची गृहिणी अनुकूल नाहीं तो उंबऱ्याच्या आंत चालत नाहीं, हें यावरून दिसतें. दुसरी, नियम केवळ मुलांना नव्हता, सर्वांना होता. बाप स्वतः फोन पाहत बसून मुलास अभ्यास कर म्हणूं लागला तर मूल बापाचें अनुकरण करतें, आज्ञा पाळीत नाहीं. तिसरी, भोंगा वाजला म्हणजे काम झालें असें कोणी मानलें नाहीं. आशा सेविका, अंगणवाडीच्या बाई, निवृत्त शिक्षक व ग्रामपंचायतीचे नोकर सुरवातीस घरोघर फिरून समजूत घालीत होते.

त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्यांत बान्सी गांवच्या ग्रामसभेनें अठरा वर्षांखालील मुलांस फोनची मनाई केली. डिसेंबर २०२४ मध्यें बेळगांवजवळील हलगे गांवानें, सांगली जिल्ह्यांतील उदाहरण पाहून, सायंकाळचे दोन तास असेच राखून ठेवले. बान्सीचा हेतु चांगला असला तरी आमचा कल वडगांवच्या रीतीकडे आहे. कारण सरसकट मनाईपेक्षां सर्वांनीं मिळून पाळलेली वेळ टिकण्याचा संभव अधिक. एकट्यानें फोन बाजूस ठेवला तर आपल्यावांचून जग पुढें गेलें अशी हुरहूर त्यास लागते. सर्व गांवानें ठेवला म्हणजे ती हुरहूर राहत नाहीं, कारण बोलणारीं माणसें समोरच असतात.

पाबळचा धडा

येथें कोणी म्हणेल कीं, अशानें आमचीं मुलें मागें पडतील. पुढचें युग यंत्रांचें आहे. हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचें उत्तर शिरूर तालुक्यांतच आहे. पाबळ येथें १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेंत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळविलेला आणि मुंबईंतील मोठ्या उद्योगाच्या संशोधनशाळेंत काम केलेला हा गृहस्थ आपल्या आयुष्याचीं उरलेलीं वीस वर्षें, २००३ मध्यें निधन होईपर्यंत, या अवर्षणी गांवीं राहिला. शाळेंत न रमलेल्या मुलांस हातानें काम करतां करतां शास्त्र शिकवावें, ही त्यांची पद्धति. लोहारकाम व बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे तिचे चार भाग. आणि शिकतांना गांवाच्या उपयोगाचीं कामें करावयाचीं.

याच आश्रमांत २००२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या सहकार्यानें फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साह्यानें यंत्राचे भाग कापण्याची व घडविण्याची कार्यशाळा, निघाली. त्या संस्थेबाहेर निघालेल्या पहिल्या कांहीं कार्यशाळांत पाबळची गणना होते. म्हणजे जगांतील अगदीं नव्या यंत्रविद्येस आपल्या तालुक्यांतील एका कोरडवाहू गांवानें शहरांच्या आधीं जागा दिली. परंतु ती दिली कामाकरितां. जो मुलगा विजेचा पट्टा स्वतः जोडतो आणि मोजमापाचें उपकरण स्वतः बनवितो, त्यास यंत्राचें गूढ वाटत नाहीं. तो त्याला पाभरीसारखेंच हाताळतो. जो केवळ पडदा सरकवितो, त्यास यंत्र येतें असें म्हणणें म्हणजे गाडींत बसणारास गाडी हांकतां येते असें म्हणण्यासारखें आहे. मुलें यंत्रयुगांत मागें पडूं नयेत अशी खरीच इच्छा असेल, तर त्यांस पडद्यापुढून उठवून कार्यशाळेंत पाठवावें.

आपल्या गांवीं काय करतां येईल

वरील उदाहरणांवरून कांहीं सूचना सुचतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं गांवोगांवीं ग्रामसभा भरविण्याची वहिवाट आहे. त्यांपैकीं एका सभेपुढें त्या ठेवाव्या.

(१) गांवची वेळ. रोजचा एक तास किंवा दीड तास सर्व गांवानें फोन बंद ठेवावा. वडगांवची सातची वेळ आपल्याकडे जशीच्या तशी चालेल असें नाहीं. दुधाच्या संकलनाची वेळ, विजेची पाळी व कालव्याचें आवर्तन पाहून प्रत्येक गांवानें आपली वेळ ठरवावी. आजारपण, बिबट्याची वर्दी आणि पंपाचें काम यांस मोकळीक असावी. दंड ठेवूं नये. हा नियम कायद्याच्या नव्हे, संमतीच्या बळावर चालणारा आहे.

(२) आठवड्याची बैठक. १९५६ च्या मंडळाप्रमाणें पंधरा-वीस शेतकऱ्यांनीं आठवड्यांतून एकदां जमावें. एकच फोन उघडा ठेवावा आणि एकानें मोठ्यानें वाचावें : हवामान, बाजारभाव, नवी योजना, फवारणीची शिफारस. मग फोन बंद करून बोलावें आणि ठरलेलें वहींत लिहावें. शेतकरी भगिनींस या बैठकींत बरोबरीची जागा असावी.

(३) दोघांचा अंगठा. फोनवरून कर्ज घेणें, अनोळखी माणसास पैसे पाठविणें किंवा गुप्त आंकडा सांगणें, यांपैकीं कांहींहि करण्यापूर्वीं घरांतील किंवा शेजारील दुसऱ्या माणसास दाखवावें. त्यांतील गुप्त आंकडा तर बँकेच्या माणसासहि सांगावयाचा नसतो. फसवणूक झाल्यास लाजून गप्प न बसतां तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें. जितका उशीर तितकी पैसे थांबविण्याची आशा कमी.

(४) पीक पाहणीची इर्जीक. पूर्वीं एखाद्याची नांगरट अडली म्हणजे गांवचे बैल त्याच्या शेतांत जमत. आज वृद्ध, विधवा व निरक्षर खातेदारांची नोंद फोनवांचून अडते. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची ई-पीक पाहणी करतां येते. हंगामांत एक दिवस ठरवून गांवच्या तरुणांनीं शिवार फिरावें आणि अशा सर्वांच्या नोंदी पुऱ्या कराव्या. फोनचा याहून पुण्यकारक उपयोग दुसरा नाहीं.

(५) गांवच्या गटाची शिस्त. फोनवर गांवाचा जो एक गट असतो, त्यांत विजेची पाळी, पाण्याचें आवर्तन, बिबट्याची वर्दी, ग्रामसभेची सूचना आणि सुखदुःखाच्या वार्ता एवढेंच यावें. ऐकीव मजकूर पुढें ढकलण्याची मनाई असावी, आणि त्याची जबाबदारी एका समंजस माणसावर नेमून द्यावी.

यांतील कोणत्याहि सूचनेस मोठा खर्च नाहीं. लागते ती चार घरांनीं आरंभ करण्याची तयारी. जमीन वाटली गेली तरी बांध बोलून मिटतात, विहीर सामाईक असली तरी पाळ्या ठरतात. परंतु त्यासाठीं भाऊ भावाशीं आणि शेजारी शेजाऱ्याशीं बोलत असला पाहिजे. तें बोलणें बंद पडलें तर उत्तम भाव व उत्तम बियाणें मिळूनहि गांव टिकणार नाहीं. म्हणून फोनला दावण घालण्याचें हें काम करमणुकीच्या प्रश्नापेक्षां मोठें आहे. तें शेतीच्याच कामांपैकीं एक समजून शिरूर व दौंडच्या शेतकऱ्यांनीं येत्या ग्रामसभेंत हातीं घ्यावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.